ऑब्सेशन : आवड नव्हे, विचारांचा वेढा

'ऑब्सेशन' हा शब्द वेढा घालणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. शत्रूने किल्ल्याला घातलेला वेढा हा त्याचा मूळ अर्थ. ख्रिस्ती धर्मविचारात पिशाच अंगात शिरले तर 'पझेशन' आणि बाहेरून छळू लागले तर 'ऑब्सेशन' असा भेद केला जाई. 19व्या शतकात हा शब्द मनोविकारशास्त्रात रुळला. 1877 मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी अशा विचारांचे नेमके वर्णन केले : बुद्धी शाबूत असते, विचार इच्छेविरुद्ध मनात घुसतो, घालवता येत नाही आणि तो रुग्णाला परका वाटतो.

आज 'त्याला क्रिकेटचे ऑब्सेशन आहे' असे सर्रास म्हटले जाते. पण क्रिकेटवेड्याला क्रिकेटमध्ये आनंद मिळतो. वैद्यकीय अर्थाच्या ऑब्सेशनमध्ये विचार नकोसा असतो. हाताला जंतू लागले असतील, गॅस चालू राहिला असेल, आपल्या हातून मुलाला इजा होईल, अशा शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यातून येणारी बेचैनी शमवण्यासाठी माणूस हात धुतो, शेगडी तपासतो, मनात आकडे मोजतो. या कृतींना 'कम्पल्शन' म्हणतात. त्यांनी क्षणभर हायसे वाटते. त्या सुटकेमुळेच कृतीची सवय घट्ट होते आणि शंका परतते.

नकोसे विचार बहुतेक सर्वांच्याच मनात डोकावतात, हे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅखमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी 1978 मध्ये दाखवून दिले. फरक पडतो तो त्यांना दिलेल्या महत्त्वाने. असे विचार व कृती दिवसाचा तासाहून अधिक वेळ खात असतील किंवा कामात, नात्यांत अडथळा आणत असतील, तर ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ, या आजाराची शक्यता तपासावी लागते. त्यात मेंदूचा पुढचा भाग आणि मेंदूतील खोलवरचे स्ट्रायटम व थॅलॅमस हे भाग यांना जोडणाऱ्या मंडलांचे कार्य बिघडलेले आढळते. म्हणून 'विचार सोडून दे' हा सल्ला रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

उपचार मात्र उपयोगी पडतात. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आजची उपचारपद्धती विकसित झाली. रुग्णाला भीतीच्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरे नेतात आणि ठरावीक कृती करण्यापासून थांबवतात. कृती न करताही बेचैनी ओसरते, हे त्याला अनुभवातून उमगते. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनावर काम करणारी औषधेही दिली जातात. त्यांचा पुरेसा परिणाम दिसायला अनेकदा 8 ते 12 आठवडे लागतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मध्येच बंद करू नयेत.