बंबखान्यातले घोडे आणि पेट्रोलचा बंब

मुंबईत आग विझवण्याचे काम 1887 मध्ये पोलिसांकडून महापालिकेकडे आले. 1890 मध्ये लंडनच्या अग्निशमन दलातले डब्ल्यू. निकोल्स प्रमुख म्हणून रुजू झाले. तेव्हा बंब ओढत ते घोडे आणि पाणी फेकी ती वाफ.

खोळंबा घोड्यांमुळे होत नसे. सरावलेली माणसे जोडी झटपट जुंपत. अडे ते वाफेपाशी. म्हणून बंबखान्यातच बॉयलरचे पाणी कोमट ठेवत, वर्दी येताच विस्तव घालत आणि धावत्या बंबावर कोळसा ओढून दाब चढवत. आग लागो न लागो, घोड्यांना दाणावैरण, खरारा, नाल हे रोजचेच.

पेट्रोलच्या इंजिनाने हा सारा संसार मोडला. इंग्लंडमधल्या फिंचलीसाठी मेरीवेदर कंपनीने 1904 मध्ये केलेल्या बंबात एकच इंजिन चाके फिरवी आणि जागेवर पोचल्यावर तेच पंप चालवी. हिंगोलीच्या शेतकऱ्याला हे ट्रॅक्टरच्या पीटीओवरून लगेच उमगेल: ट्रॅक्टर जागेवर उभा, ताकद मात्र फवारणी पंपाला.

मुंबईत पहिला मोटार बंब 1907 मध्ये आला आणि 1920 पर्यंत घोडे पुरते गेले. लंडनच्या दलातून ते 1921 मध्ये गेले, न्यूयॉर्कमधून 1922 मध्ये. या कामात मुंबई लंडन-न्यूयॉर्कच्या मागे नव्हती, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जायला हवे.

पण इंजिन आले म्हणून आग सोपी झाली नाही, कापसाची तर नाहीच. दाबलेल्या गाठीत पाणी आत शिरत नाही. वरून विझलेली गाठ पोटात धुमसत राहते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटके. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान स्फोटात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

हिंगोलीसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याने ही गोष्ट आपली म्हणून वाचावी. इथे बंब असतात ते शहरांत, नगर परिषदेकडे. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या आडगावी तो पोचेपर्यंत कडब्याची गंजी राहत नाही. पोचला तरी त्याची टाकी काही मिनिटांत रिकामी होते. मग पाणी कुठून भरायचे, हा प्रश्न गावापुढे उभा राहतो तो आग भडकलेली असताना. पेट्रोलच्या बंबाने शंभर वर्षांपूर्वी मुंबईतला वाफेचा खोळंबा संपवला. खेड्यातला खोळंबा रस्त्याचा आणि पाण्याचा आहे, तो नव्या गाडीने एकट्याने संपणार नाही.

दिवाळीत वेचलेला कापूस घराघरांत रचलेला असतो आणि फटाकेही याच दिवसांत उडतात. तेव्हा ग्रामपंचायतींनी एवढे करावे: बंब भरता येईल अशी एक विहीर किंवा टाकी आताच ठरवावी, तिथवरची वाट बैलगाड्या आणि ट्रॉल्या हटवून मोकळी ठेवावी आणि नगर परिषदेच्या अग्निशमन केंद्राचा नंबर चावडीवर ठळक लिहावा.