एकेचाळीस अंशांची कडी

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या एका घरी, थंडीतल्या सकाळी, मावशींनी माझ्या भेगाळलेल्या टाचा पाहिल्या आणि फडताळातून भिरंडेलाचा गोळा काढला. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं तेल. पण दगडासारखं घट्ट. त्याचा तुकडा पळीत घालून त्यांनी पळी निखाऱ्यांवर धरली. बराच वेळ काहीच नाही. मग कडा चकाकल्या आणि बघता बघता सगळा तुकडा पातळ झाला. "लक्ष ठेवावं लागतं. एकदा सुटायला लागलं की थांबत नाही," मावशी म्हणाल्या.

संपादकांनी सोपवलेल्या लेखाची टिपणं तेव्हा माझ्या पिशवीतच होती. विषय होता, उष्णतेनं गाठीतच सुटणारं कर्करोगाचं औषध. भिरंडेल चाळिसाच्या आसपास वितळतं, आणि त्या औषधाचं वेष्टन एकेचाळीस अंशांना सैल होतं!

औषध जुनंच, डॉक्सोरुबिसिन. रंगानं लाल. गाठीला मारतं तसं हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे. औषध लाइपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या अतिसूक्ष्म फुग्यात, भरून शिरेतून सोडायचं, गाठ बाहेरून तापवायची आणि फुगे तिथंच उघडायचे, ही कल्पना याटव्हिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९७८मध्ये मांडली.

मला मोह पडला तो त्या फुग्याच्या भिंतीचा. तिच्या रेणूंना प्रत्येकी सोळा कार्बनांच्या दोन शेपट्या असतात. सदतीस अंशांना त्या ताठ, एकमेकींना खेटून उभ्या राहतात. एकेचाळिसाला ढिल्या पडतात. पण सगळी भिंत एकदम वितळत नाही. गोठलेले आणि सुटलेले तुकडे शेजारी शेजारी राहतात आणि त्यांच्यामधल्या शिवणीतून औषध झिरपतं. ड्यूक विद्यापीठात डेव्हिड नीडम यांनी भिंतीत एकाच शेपटीचे थोडे रेणू मिसळले. ते शिवणीतली भोकं उघडी धरतात, आणि झिरपायला लागणारा वेळ काही सेकंदांवर येतो. फुगा गाठीच्या रक्तवाहिनीतून जाता जाताच रिता होतो. इतकी नेमकी कडी माणसानं मेदातून घडवली, याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादुर आणि रिंती बॅनर्जी यांच्या गटानं जर्मन सहकाऱ्यांसोबत अशा फुग्यांत लोहचुंबकी कणही भरले. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात त्रेचाळीस अंशांना तासाभरात निम्म्याच्या आसपास औषध सुटलं, सदतीसला जेमतेम पाच टक्के. हे सगळं प्रयोगशाळेतच.

माणसावर आलं तेव्हा वाट अवघड झाली. यकृताच्या कर्करोगाच्या ७०१ रुग्णांवर थर्मोडॉक्स नावाचं असंच औषध तपासलं गेलं. गाठ सुईनं, रेडिओलहरींनी जाळायची आणि सोबत औषध द्यायचं. जानेवारी २०१३मध्ये निकाल आला, अपेक्षित फायदा दिसला नाही. आकडे पुन्हा चाळल्यावर वाटलं की ज्यांची गाठ पंचेचाळीस मिनिटं किंवा जास्त तापवली, ते अधिक जगले. म्हणून दुसरी चाचणी, ५५६ रुग्ण, पंचेचाळीस मिनिटांची अट घालून. २०२०मध्ये तिथेही निराशाच हाती आली.

औषध सुटतं, यात शंका उरलेली नाही. ऑक्सफर्डमध्ये दहा रुग्णांच्या यकृतातल्या गाठी बाहेरून अल्ट्रासाउंडनं तापवल्या, तेव्हा गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट वाढलं. २०१८मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण वाहतं रक्त ऊब सतत ओढून नेतं, त्यामुळे गाठीचा एक कोपरा त्रेचाळिसाला तर दुसरा एकोणचाळिसाला राहतो. त्या थंड कोपऱ्यात फुगे मिटलेलेच पुढे जातात. जास्त तापवावं तर शेजारचं निरोगी मांस भाजतं. आणि कर्करोगाचा जो कण शरीरात दुसरीकडे जाऊन रुजलाय, कुठल्याही चित्रात दिसत नाही, तो तापवायचा कुठून?

शिवाय गाठ तापवणारं यंत्र, आतलं तापमान मोजणारी सोय आणि ते सांभाळणारे हात हे सारं एका ठिकाणी लागतं. जोयड्याच्या माणसाला मोठ्या तपासणीसाठीच घाट उतरून गोव्याला जायचं, नाहीतर जंगल ओलांडून हुबळी किंवा बेळगाव गाठायचं. मावशींच्या घरापासून बसथांब्यापर्यंतच चालत पाऊण तास लागतो.