किंकाळीला कोण धावतं?

१९९३ सालची गोष्ट. हिंदमाताला, कापडबाजाराच्या मागच्या एका चाळीत आम्ही राहत होतो. त्याच वर्षी 'झी हॉरर शो' सुरू झाला होता. तो लागला की सगळ्या मजल्यावर एकच संगीत, दारांची एकच करकर आणि एकच किंकाळी. एका रात्री अशीच किंकाळी आली आणि आम्ही पोरं हसलो. कार्यक्रम संपल्यावर कळलं, शेजारच्या काकूंच्या स्टोव्हचा भडका उडाला होता. दोन्ही हात भाजले होते. काकू वाचल्या. पुढे एकदा मला म्हणाल्या, "अरे, मी ओरडत होते ना, तेव्हा मला तुमचं हसणं ऐकू येत होतं."

भयपटाच्या चित्रीकरणावर बेतलेले मानसशास्त्रीय थरारपट मी पाहतो, तेव्हा मला काकूंचं हे वाक्य आठवतं. या कथांचं सगळं मर्म त्यात आहे.

ती मालिका रामसे बंधूंची. सात भाऊ. कुमार लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तर तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) या चित्रपटासाठी ही मंडळी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून राहिली. भुताच्या चित्रपटाला असा एकांत लागतोच. जुना बंगला, रात्रीची वेळ आणि मोजकी माणसं.

आता अशा जागी काय घडतं ते बघा. धोक्याची प्रत्येक खूण तिथं उलटी होते. रक्त म्हणजे रंग. प्रेत म्हणजे चहाची वाट बघत पडलेला नट. आणि किंकाळी म्हणजे चाललेलं काम. त्या काळी तर आपल्याकडे बहुतेक आवाज नंतर मुंबईत डबिंग करून भरले जात. म्हणजे बंगल्यात फोडलेली किंकाळी पुन्हा एकदा, बंद खोलीत, माइकसमोर फोडायची. एरवी किंकाळी ऐकून माणसं धावत येतात. इथं सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात, कारण दिग्दर्शकानं अजून 'कट' म्हटलेलं नसतं.

थरारकथेचा लेखक यात फक्त एक गोष्ट बदलतो. एका माणसाला खरोखरची भीती वाटू लागते. ती नटी ओरडते आणि समोरून उत्तर येतं, "छान! अजून एकदा." सलग जागरणांनी माणसाला भास होऊ शकतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे हळूहळू तिचाच स्वतःवरचा विश्वास उडतो. मी घाबरले आहे, की घाबरल्याचा अभिनय करते आहे?

याहून वाईट म्हणजे, तिच्या खऱ्या भीतीत कुणाचा तरी फायदा असतो. 'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर' (२०००) हा चित्रपट १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाच्या चित्रीकरणाची कल्पित कथा सांगतो. त्यातला दिग्दर्शक खराखुरा रक्तपिपासू आणून उभा करतो. माणसं मरतात, पण कॅमेरा थांबत नाही. ही झाली कल्पना. पण 'द शायनिंग' (१९८०) मधली शेली डुव्हल कल्पनेतली नव्हती. महिनोन्महिने रोज रडावं लागल्याच्या थकव्याबद्दल ती पुढे मुलाखतींत बोलली. पडद्यावरचा तिचा चेहरा आपण अभिनय म्हणून वाखाणला. त्यात थकवा किती आणि अभिनय किती, हे आपण विचारलं नाही.

म्हणून मला वाटतं, या कथांमध्ये भूत दुय्यम असतं. खरी भीती ही, की आपण ओरडू, सगळ्यांना ऐकू जाईल आणि तरी कुणी येणार नाही.

काकू आता नाहीत. आमच्या घरात मात्र एक नियम आहे. टीव्हीवर किंकाळी ऐकू आली की आधी त्याचा आवाज बंद करायचा आणि क्षणभर बाहेर कान द्यायचा.