मुलाचे मौन आणि घरच्यांचा समज

जून महिन्यात शाळा उघडण्याच्या सुमारास पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकावर एक प्रसंग नेहमी पाहावयास मिळतो. सातारा, सांगली, सोलापूर या बाजूंच्या गाड्यांतून खेड्यातील मुले पालकांसह उतरतात. कोणाला वसतिगृहात राहावयाचे असते, कोणाला मामा-काकांकडे. मुलाला पोहोचवून वडील परतीच्या गाडीत बसतात. मुलगा रडत नाही, हट्ट करीत नाही. "पोरगं शहाणं आहे, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही," असे घरी आईला सांगितले जाते आणि विषय मिटतो.

हा समज पुष्कळदा चुकीचा असतो. आपण रडलो तर वडिलांचा जीव तुटेल, हे मुलाने ओळखलेले असते. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला. अशी मुले पुढे शांत झाली की परिचारिका म्हणत, मूल रुळले. ती शांतता रुळल्याची नसून निराशेची असते, हे रॉबर्टसन यांनी दाखवून दिले.

पालगडच्या साने गुरुजींनाही बालपणी शिक्षणासाठी पुण्यास मामांकडे ठेवले होते. तेथे त्यांचे मन रमले नाही. ते परतले व पुढे दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते. बालपणीचे लहानसहान सलही त्यांच्या मनात ताजे होते. "लहान आहे, विसरेल" या म्हणण्यात मग किती तथ्य उरते?

गावातच मागे राहणाऱ्या मुलाची स्थिती याहून निराळी नसते. आईवडील ऊसतोडणीस गेले की आजीजवळचे मूल सकाळी पोट दुखते म्हणते. घरचे त्यास ढोंग समजतात. परंतु मनाचे दुःख मुलाच्या शरीरावाटे प्रकट होते आणि पोट खरोखरच दुखते. (दुखणे टिकून राहिल्यास डॉक्टरांस दाखवावेच.) अक्षर बिघडणे, खाणे कमी होणे, क्षुल्लक कारणावरून भांडणे, याही खुणा शिक्षकांच्याच दृष्टीस आधी पडतात.

अशा मुलास वर्गासमोर विचारू नये. झाडांना पाणी घालताना ते आपण होऊन बोलते. पालकांशी बोलताना "मुलगा चुकार झाला" असे न म्हणता, आठवड्यात तीनदा पोट दुखले, एवढेच सांगावे. दूरध्वनीवर "अभ्यास कर" म्हणून थांबू नये. बैल कसे आहेत, धाकटी काय बोलू लागली, हेही त्यास कळवावे. परत केव्हा येणार तेही सांगावे, आणि ठरले नसेल तर ठरले नाही असेच सांगावे.