शिडाच्या होडीचा छंद

इंजिनाच्या बळावर चालणारी जहाजे सर्वत्र सुलभ झाली असता, वाऱ्याच्या लहरीवर अवलंबून राहणारी लहानशी शिडाची होडी घेऊन मनुष्ये हौसेने समुद्रावर का जातात, असा प्रश्न विचारी वाचकास सहजच पडेल. या प्रश्नास एकच एक उत्तर नाही. ज्याचा जसा स्वभाव, तसा त्यास या छंदात आनंद लाभतो.

कित्येकांस आपल्या हाताने नौका घडविण्यातच सुख वाटते. जोशुआ स्लोकम हा अमेरिकेतील शिडाच्या जहाजांचा कप्तान. वाफेच्या जहाजांपुढे त्याचा धंदा बसला. अशा समयी त्यास 'स्प्रे' नावाची एक मोडकळीस आलेली जुनी नौका मिळाली. तेरा महिने खपून त्याने ती नव्याने बांधली. तिची लांबी ३७ फुटांहूनही किंचित कमीच होती. इ. स. १८९५ च्या एप्रिलात तो बोस्टनहून तीत बसून निघाला आणि १८९८ च्या जूनमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. एकट्याने असे करणारा तो पहिलाच मनुष्य होय.

दुसऱ्या कित्येकांस असाध्य ते साध्य करण्याची ईर्षा असते. कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीभोवती जाण्याची शर्यत १८६८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९६८ साली, इंग्लंडातून सुरू झाली. नऊ जण निघाले. शेवटास एकच गेला. तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ३२ फुटी 'सुहैली' ही सागवानी नौका आपल्या मुंबईतच बांधलेली होती! मिळालेले पाच हजार पौंड त्याने त्याच शर्यतीत प्राणास मुकलेल्या एका स्पर्धकाच्या कुटुंबास देऊन टाकले.

त्याच शर्यतीत बर्नार म्वातेसिए हा फ्रेंच नाविक होता. स्लोकमच्या आदरार्थ त्याने आपल्या नौकेचे नाव 'जोशुआ' ठेविले होते. जलद प्रवासाचे पारितोषिक मिळण्याचा संभव असताही त्याने शर्यत सोडली आणि तो पुढे ताहिती बेटाकडे निघून गेला. त्यास जिंकण्यापेक्षा समुद्राचा सहवासच अधिक प्रिय होता.

सोबतीचाही एक आनंद आहे. भारतीय नौदलातील सहा स्त्री-अधिकारी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून १० सप्टेंबर १९१७ नंतर शतकाने, म्हणजे १० सप्टेंबर २०१७ रोजी, गोव्याहून निघाल्या व पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी तेथेच परतल्या. इतक्या लहान जागेत आठ महिने एकमेकींस सांभाळून राहणे, हीही मोठीच कसोटी होय.

परंतु ज्यास खाडीपलीकडे जावयाचे नाही, त्यासही लाभणारा एक आनंद आहे. तो वाऱ्याशी समजून वागण्याचा. वारा समोरून येत असता होडी थेट त्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. मात्र शीड तिरपे धरिले म्हणजे वारा तिला काहीसा पुढे व काहीसा बाजूस ढकलतो. तळाखालची उभी फळी बाजूचे सरकणे रोखते आणि पुढची गती तेवढी उरते. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढीत होडी इष्ट स्थळी पोहोचते. प्रतिकूल वाराच तिला तेथे नेतो!

विद्यार्थी मित्रहो, इंजिन वाऱ्यावर मात करिते. शीड त्याचा स्वभाव ओळखून त्यालाच कामास लाविते. ज्याच्या हाती एकदा सुकाणू आले व ही युक्ती साधली, त्यास होडीचा लळा का लागतो, हे निराळे सांगावे लागत नाही.