ओडेन्समधली जुळ्यांची वही

डेन्मार्कमधली जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९५४ साली सुरू झाली, पण तिच्यातली पहिली माणसं १८७०मध्ये जन्मलेली आहेत. बेंट हार्वाल्ड आणि मोगेन्स हाउगे या संशोधकांनी चर्चच्या जन्मनोंदी चाळायला लावल्या. जिथे जुळी दिसली, त्यांतली कोणती जोडी सहा वर्षांची होईपर्यंत जगली ते पाहिलं आणि मग त्यांचा माग काढला. राष्ट्रीय पातळीवरची ही जगातली सर्वांत जुनी नोंदवही. आज ती ओडेन्सच्या विद्यापीठात आहे. जनुकशास्त्र म्हटलं की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते. इथलं निम्मं काम मात्र कारकुनी चिकाटीचं.

एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी, म्हणजे इतर सख्ख्या भावंडांइतकीच. एखादा आजार एकबीज जोड्यांत दोघांनाही होण्याचं प्रमाण द्विबीज जोड्यांपेक्षा जितकं जास्त, तितका जनुकांचा हात मोठा. जोडी कोणत्या प्रकारची हे ठरवायला जुन्या काळी रक्तगटही तपासत, पण बहुतेक काम प्रश्नावलीवरच भागे: लहानपणी लोक तुमच्यात गफलत करायचे का? एवढ्या साध्या प्रश्नांची उत्तरंही शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर निघतात.

१९९६मध्ये या वहीतल्या, १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या २,८७२ जोड्यांच्या आयुर्मानाचा हिशेब प्रसिद्ध झाला. आयुर्मानातल्या फरकांत जनुकांचा वाटा पुरुषांत २६ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के निघाला. ‘आमच्या घराण्यात सगळे नव्वदी गाठतात’ असं सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

मला सर्वांत रंजक वाटते ती तंबाखूची कथा. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दिसू लागला, तेव्हा रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाने शंका काढली: सिगारेटची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच जनुकाची करणी असली तर? १९५८मध्ये त्याने जुळ्यांचेच दाखले दिले. फिशर स्वतः पाइप ओढायचा, हे जाता जाता. शंका मात्र अडाणी नव्हती. तिचं निरसन करायला जनुकं तीच आणि सवय वेगळी अशा जोड्या हव्या होत्या, आणि त्या एखाद्या दवाखान्यात बसून सापडत नाहीत. स्वीडनची नोंदवही १९५०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली ती धूम्रपान आणि मद्यपानाचे परिणाम तपासण्यासाठीच. पुढे नॉर्डिक देशांनी आपापल्या वह्या एकत्र केल्या. एक ओढणारा, दुसरा कधीच न ओढलेला, अशा एकबीज जोड्यांतही कर्करोगाचा धोका ओढणाऱ्याला सुमारे पाचपट निघाला. फिशरचं जनुक इथे अपुरं पडलं.

याच एकत्रित वह्यांनी उलटही दाखवलं. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडच्या ४४,७८८ जोड्यांच्या २०००मधल्या अभ्यासात प्रोस्टेटच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा वाटा ४२ टक्के दिसला, स्तनाच्या कर्करोगात २७. हे वाटे लोकसमूहाचे असतात, एका माणसाचे नव्हेत. तरी वर्तमानपत्रं ते माणसाच्या कपाळावर चिकटवतात.

एक आक्षेप जुना आहे आणि रास्तही: एकबीज जुळ्यांना लोक वागवतातच एकसारखं, मग साम्य जनुकांचं कशावरून? संशोधकांनी त्यासाठी चुकीची समजूत असलेली घरं शोधली, म्हणजे आईवडील मुलांना एकबीज समजत होते पण ती द्विबीज निघाली, किंवा उलट. अशा बहुतेक अभ्यासांत साम्य आईवडिलांच्या समजुतीप्रमाणे नव्हे, तर खऱ्या बीजाप्रमाणे जाताना दिसलं.