बोलका कीं वाचाळ ?

आमच्या वर्गांत सतत कांहींना कांहीं विचारणाऱ्या एका सहाध्यायास एके दिवशीं 'चॅटरबॉक्स' ही पदवी मिळाली. सारा वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु त्या दिवसापासून तो शंका विचारीनासा झाला, आणि त्याच्या शंकांमुळें आम्हां इतरांस जें अनायासें समजत असे, तेंही बंद झालें. म्हणून या शब्दाची थोडी विचारपूस करावी असें मनांत आलें.

'चॅटर' म्हणजे पक्ष्यांचा चिवचिवाट. त्यास पेटी जोडली कीं बडबडीनें भरलेला मनुष्य तयार होतो. शब्द खेळकर आहे. १८६६ सालीं जॉन अर्स्किन क्लार्क या धर्मोपदेशकानें इंग्लंडांत मुलांसाठीं एक नियतकालिक काढिलें, त्यास त्यानें हेंच नांव दिलें. 'विंडबॅग' हा शब्द मात्र बोचरा. वाऱ्यानें फुगलेली पिशवी; आंत दुसरें कांहीं नाहीं !

आमच्या मराठीनें असे शब्द घरांतून व शेतांतून उचलले. सूत काततांना टकळी गरगर फिरते, म्हणून न थांबणाऱ्या तोंडास टकळी म्हणतात. चऱ्हाट म्हणजे दोर. पेड घालीत जावें तसें तें लांबतच जातें. आम्हां करवीरकरांस अगदीं जवळचें म्हणजे गुऱ्हाळ. हंगामांत चरक फिरत असतो, चुलवाणांत चिपाडें पडत असतात, काहिलींत रस रटरटत असतो. नवख्यास वाटतें, हें संपणार तरी केव्हां? कंटाळवाण्या चर्चेसही आपण गुऱ्हाळच म्हणतों. परंतु यांत खऱ्या गुऱ्हाळावर अन्याय होतो. गुळव्या वर आलेली मळी काढून टाकितो, पाक साधतांच काहील उतरवितो, आणि शंभर किलो उसापासून सुमारें दहा किलो गूळ पदरांत पडतो. वाचाळाच्या गुऱ्हाळांत रस पुष्कळ उकळतो. ढेप मात्र निघत नाहीं.

मग फार बोलणें आणि व्यर्थ बोलणें एकच काय ? पाणिनीनें 'वाच्' या एकाच शब्दापासून वाग्मी व वाचाल असे दोन निराळे शब्द सांगितले आहेत. पुढील वैयाकरणांनीं स्पष्ट केलें कीं, वाचाल हा शब्द निंदेच्याच अर्थीं योजावा. पुष्कळ परंतु चांगलें बोलणारा तो वाग्मीच होय. आमचा 'वाचाळ' त्यांतूनच आला. मराठीनें ही निवड आणखी बारीक केली. गप्पिष्ट मनुष्य प्रवासांत सोबतीस हवासा वाटतो. तोंडाळ शेजारीं नकोसा होतो. बोलघेवडा बोलतो पण करीत नाहीं. तान्ह्या मुलाची बडबड कौतुकानें ऐकिली जाते. आणि 'बोलका' ही तर स्तुतीच आहे. हे शब्द कोण किती बोलला हें मोजीत नाहींत; ऐकणाऱ्याच्या पदरीं काय पडलें, तें मोजितात.

या मापानें पाहतां आमचा मित्र वाचाळ नव्हता, बोलका होता. हें आम्ही त्यास नंतर सांगितलें. तो नुसता हंसला. एका शब्दानें मिटलेलें तोंड दुसऱ्या शब्दानें लगेच उघडत नाहीं. तेव्हां, वाचकहो, कोणास असें नांव ठेवण्यापूर्वीं त्याच्या काहिलींत मळीच आहे कीं गूळही आहे, एवढें पाहावें. आम्हीं तें पाहिलें नाहीं, याची आम्हांस अजून खंत वाटते.